आई बघून मेंढा

आमच्या आज्जीच्या लेखी मेंढरं दोनच प्रकारची. एक वाट धरणारी आणि दुसरी माणसाला धरून बसणारी. वाट धरणाऱ्या मेंढीची लेक कळपात राहायची, दुसरीची लेक आटपाडीच्या शनिवारच्या बाजाराला जायची. ती दिसायला किती का देखणी असेना, आज्जीचा निर्णय बदलत नसे. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, सूत्र याहून आखूड होतं : “मेंढा बघाय जाऊ नगं, मेंढ्याची आई बघ.” शिंगं, छाती, उंची ही बाजारात डोळ्यांत भरणारी लक्षणं. आबा विकणाऱ्याला आईबद्दल विचारत राहायचे. ती किती वेतं व्याली, उन्हाळ्यात तिची पाठ किती उतरली, विताना तिला हात द्यावा लागला का, कोकरू टाकून कळपामागं गेली का थांबली. उत्तर पटलं नाही तर चांगला भरलेला मेंढा सोडून घरी यायचे.

अलीकडे कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्यांना ‘कमी खर्चात, कमी देखभालीत, सेंद्रिय पद्धतीनं मांसासाठी मेंढीपालन’ शिकवणारे वर्ग निघतात. शिकवावं, त्यात वाईट काही नाही. पण तिथं गेलेल्या तरुणांना वाटतं की अशी मेंढी म्हणजे कुठंतरी तयार मिळणारी जात. आणली, माळावर सोडली, झालं. आमच्या घरातल्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला ते पटत नाही. कमी मागणारी मेंढी ज्यांनी घडवली त्या माणसांनी स्वतः काही कमी कष्ट काढलेले नाहीत. ती माणसं चालली, बघत राहिली, आणि पिढ्यान् पिढ्या मोहाला नाही म्हणत आली.

आमचा मुलूख माणदेशाचा. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, खाली जतपर्यंत. सह्याद्रीनं पाऊस अडवल्यावर उरेल तो आमचा, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही मनाला येईल तेव्हा. मुरमाड माळ, कुसळी, पवन्या, हरळी, बांधाला बोराटी, ओढ्याला बाभळी आणि हिवर. या माळावर टिकलेली मेंढी म्हणजे दख्खनी. बहुतेक काळी, जाडसर लोकरीची, पाय बारीक, अंग आटोपशीर. वाढलेली मेंढी पंचवीस-तीस किलोंची. माणूस जिला माती म्हणून सोडून देतो त्या जमिनीवरून ती मांस, लोकर आणि खत काढते.

आज्जी कळपातल्या लेकी निवडायची ती विण्याच्या वेळी. पावसाच्या तोंडाला मेंढे लागले की पाच महिन्यांनी, दिवाळीच्या आगंमागं, कोकरं पडायला लागतात, आणि नेमका तोच वाडा हलायचा काळ. (वाडा म्हणजे आमचं बिऱ्हाड : घोड्यावर भांडीकुंडी, घोंगड्या, डालग्यातली कोंबडी, मागं मेंढरं आणि कुत्री.) अवेळी कोकरं नकोत म्हणून एरवी मेंढ्याच्या पोटाला फडकं बांधायचं. चालता चालता एखादी मेंढी बाजूला सरायची, वळून उभी राहायची, आणि घटकाभरात ओलं कोकरू चाटत असायची. आज्जी दुरून बघायची, जवळ जायची नाही. कोकरानं उठून कास धरली, आई त्याला घेऊन कळपाला मिळाली, की ती मेंढी पास. “जिला विताना माणसाचा हात लागला, तिची लेक ठिवायची न्हाई बाय. आज तिला हात दिला, उद्या तिच्या लेकीला द्यायचा. परवा वाट कोण चालंल?” अडलेल्या मेंढीला ती हात द्यायचीच, रात्रभर जागून, कोकराला स्वतःच्या घोंगडीत घेऊन. जीव वाचवणं वेगळं आणि वंश ठेवणं वेगळं, हा भेद तिच्या हातात इतका पक्का होता की तिला तो कधी समजावून सांगावा लागला नाही.

या निवडीमागं तिची एक कथाही होती. चंदनपुरीच्या बाणाईच्या वाड्यावर खंडोबा गडी म्हणून राहिला, मेंढरं राखली, मग एके दिवशी सगळी मेंढरं मारून टाकली आणि बाणाईनं लग्नाला होकार दिल्यावर जिवंत केली, ही गोष्ट महाराष्ट्रात ठाऊक नसलेलं धनगराचं घर नसेल. जेजुरीला गडाच्या अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ आहे. आज्जीच्या सांगण्यात एक जोड असायची. मेंढरं उठल्यावर बाणाईनं देवाकडं बघितलंच नाही, आधी मेंढ्या आपापल्या कोकराला ओळखतात का ते बघितलं. ओळखलं तेव्हा म्हणाली, हीच माझी मेंढरं. ही जोड मला दुसरीकडं कुठं ऐकायला मिळाली नाही. ती आज्जीची असेल, तिच्या आईची असेल. पण ज्या बाईनं आयुष्यभर वाटेवर मेंढ्या विताना बघितल्या तिचीच ती असू शकते.

ही वाट किती जुनी आहे हे मला पुढं पुस्तकांतून कळलं. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन केलं. तिथली वस्ती साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातली. म. के. ढवळीकरांनी तिच्या शेवटच्या टप्प्याबद्दल मांडलं की हवामान कोरडं होत गेलं, शेती खचली आणि लोक मेंढ्या-शेळ्यांच्या आधारानं अर्धभटके झाले. पाऊस गेला की धान्य संपतं, चालणारं जनावर उरतं. दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी धुंडाळत धनगरांच्या वाटा आणि पुरातन देवस्थानं यांचा मेळ लावत होते. जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर तर धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत गावोगाव फिरले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९७६ साली आला. आमच्याकडं आरेवाडीच्या बनातला बिरोबा आणि पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव ही देवस्थानं आहेत तशीच पावसाआधी-पावसानंतर कळप एकत्र येण्याची ठिकाणंही आहेत. भाकणुकीत, म्हणजे भविष्य वर्तवताना, देव आधी काय सांगतो? पाऊस, पीक आणि मेंढरं.

आबांच्या आवडीच्या गोष्टी कोकणाच्या. दिवाळी झाली की पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून त्यांचा वाडा चिपळूणच्या अंगाला जायचा. भात कापून झालेलं असायचं, खाचरं मोकळी. शेतकरी वाट बघत असायचे, कारण रात्री मेंढ्या बसल्या की लेंडी आणि मूत जागच्या जागी जिरतं, गाडी नको, टोपली नको. बदल्यात धान्य मिळायचं; मेंढ्यांच्या शेकड्यावर आणि रात्रीवर पायलीचा ठराव. भाताच्या घरी भात, घाटावर ज्वारी. एका शेतात दोन-तीन रात्री, मग पुढचं शेत. आषाढाच्या आत घाट चढून माघारी यायचंच, कारण कोकणातल्या धारांत लोकर भिजून जड होते, खुरं सडतात. “कोकनात पावसाळ्यात ऱ्हायलेलं मेंढरू मी बघितलं न्हाई,” असं आबा म्हणायचे.

या चालण्यात औषधही होतं, हे मला एका पशुवैद्यांनी समजावलं. मेंढीच्या पोटातल्या जंतांची अंडी लेंडीतून पडतात, ओलाव्यात त्यांच्या अळ्या होतात, गवताच्या पात्यावर चढतात आणि पुन्हा मेंढीच्या पोटात जातात. याला साधारण आठवडा लागतो. वाडा तिसऱ्या दिवशी हललेला असतो. अळ्या तयार होतात तेव्हा खायला मेंढी तिथं नसते. माळावर उन्हात त्या वाळून मरतात. सकाळी दहिवर उतरल्याशिवाय मेंढरं सोडायची नाहीत, हा आज्जीचा नियम त्याच साखळीतला. ओलं असताना अळ्या पात्याच्या वरच्या टोकाला असतात. हेच कळप कुंपणात कोंडून एका तुकड्यावर चारा, मग बघा जंताचं औषध किती वेळा पाजावं लागतं ते. सेंद्रिय मेंढीपालनाचा गाभा मला औषध न देण्यात दिसत नाही, औषधाची वेळ येऊ न देण्यात दिसतो. आणि त्यासाठी जागा लागते, मोकळी, एकामागून एक.

पहिल्या पावसानंतरचा पंधरवडा मात्र आज्जीलाही धास्तीचा वाटायचा. महिनोन् महिने काटक्या चघळलेल्या मेंढरांना अचानक कोवळं हिरवं मिळतं. आंत्रविषाराचे जंतू आतड्यात असतातच. हावरेपणानं भरलेल्या पोटात ते भराभर वाढून विष सोडतात, आणि कळपातली सगळ्यात गुबगुबीत कोकरं आधी जातात, संध्याकाळी उड्या मारणारं सकाळी ताठ. आज्जी त्या दिवसांत मेंढरांना आधी वाळला कडबा नाहीतर बाभळीचा पाला घालून मगच माळावर सोडायची. पाऊस लांबून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीजवळ तर फिरकू द्यायची नाही, तिच्यात विष असतं. पण पुढं आंत्रविषाराची लस आली तेव्हा तिनं ती पावसाआधी आपणहून मेंढरांना टोचून घेतली. देवी, पीपीआर या रोगांच्या लशीही घेतल्या. जुनं ते सगळं पुरेसं असतं असा तिचा हट्ट नव्हता. आज सेंद्रियच्या नावाखाली लस नाकारणारे भेटतात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. सेंद्रियचे नियमही लसीला अडवत नाहीत. जनावराला आधीच बळकट करणं त्यांना हवंच आहे.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात कालगणनेचा खुंटा आहे. माणसं बहात्तरच्या आधीची आणि नंतरची. आज्जी पोरांना घेऊन खडी फोडायला गेली. मिलोची भाकरी, सुकडी, पाझर तलावाचं काम. आबा आणि त्यांचा भाऊ मेंढरं घेऊन कृष्णेच्या अंगाला गेले. व्यापारी कळपच्या कळप मातीमोल भावानं मागत होते. निम्म्याहून जास्त मेंढरं गेली. काही विकली, बरीच वाटेवर बसली. बसली म्हणजे उठली नाहीत. आबा सांगायचे की मोठ्या अंगाच्या आधी बसल्या. मोठं अंग राखायलाच चारा जास्त लागतो. लहान, बारीक पायांच्या मेंढ्या वाळल्या बाभळीच्या शेंगांवर आणि दिवसाआड पाण्यावर तगल्या. बाभळीच्या शेंगा गोळा करून ठेवणं हे तेव्हापासून आमच्या घरी जळण साठवण्याइतकं नेमाचं झालं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची, याच मातीतली. तिच्यातही वाडी शेवटी दुष्काळानं उठते. आमची उठलेली माणसं परतली ती उरलेल्या मेंढ्यांमुळं. आज आमच्या कळपातली प्रत्येक दख्खनी मेंढी त्या तगलेल्यांची वंशज. ती निवड आबांनी केली नव्हती, दुष्काळानं केली होती, आणि आबांनी ती पुसली नाही.

पुसायला लावणारे प्रसंग आले. एका काळात मेंढी म्हणजे लोकर असा सरकारी विचार होता. जाड काळी लोकर बारीक पांढरी व्हावी म्हणून मेरिनो, रॅम्बुये अशा परदेशी जातींच्या नरांशी संकर झाले. हेतू चांगला होता. पण आमच्या उन्हात, आमच्या चाऱ्यावर ते संकर माळावर रुजले नाहीत. घोंगडी विणणाऱ्या सणगरांना आणि खुटेकरांना जाड लोकरच हवी होती. ती चिंचोक्याची खळ पिऊन पाऊस अडवणारी होते. मग गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली आणि घोंगडीच मागं पडली. आता कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त होते, म्हणून कातरलेली लोकर बांधावर पडून राहते. मेंढी उरली ती मांसासाठी.

मांसाची ओढ लागल्यावर जतजवळच्या माडग्याळची मेंढी पुढं आली. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, लोकर नावापुरती, कोकरू भराभर वाढणारं. २०२० साली एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली. त्या जातीबद्दल मला आदर आहे. तीही याच कोरड्या भागातल्या लोकांनी घडवलेली. पण दूध, अंडी, पेंड खाऊन सावलीत वाढलेल्या मेंढ्याच्या मागं धावून माळाचा कळप घडत नाही, हे सांगायला आज आबा नाहीत म्हणून मी सांगते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम मला यात फार मोलाचं वाटतं. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ ही इवलीशी मेंढी जुळी-तिळी देते. त्यामागचा जनुक डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनी मेंढीत आणला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ उभी राहिली. गंमत अशी की हाच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बूरुला मेरिनोत आधी सापडला होता, आणि तो तिथं पोहोचला असावा १७९२-९३ साली कोलकात्याहून जहाजानं गेलेल्या बंगाली मेंढ्यांबरोबर. परदेशी मेरिनो आणून जे साधलं नाही, त्याहून उपयोगाचं देशातल्या देशात मिळालं. आज्जीला मी ही जुळ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ती आधी गप्प बसली आणि मग विचारलं, “दुसऱ्याला दूध कुठनं?” प्रश्न बरोबर आहे, आणि संस्थेची माणसंही तेच सांगतात : जुळ्यांच्या आईला थोडा खुराक द्यावा लागतो, कोकरांकडं लक्ष लागतं. ज्याच्याकडं दोन एकर पाण्याखाली आहेत आणि घरी लसूणघास आहे, त्यानं जुळी घ्यावीत. जो वर्षातले आठ महिने वाटेवर असतो त्याला एकच, पण उभ्यानं चालणारं कोकरू बरं. पुण्यातून काम करणाऱ्या डॉ. नित्या घोटगे यांच्या अंथ्रा संस्थेनंही दख्खनी मेंढीच्या आणि मेंढपाळांच्या ज्ञानाच्या बाजूनं वर्षानुवर्षं श्रम घेतले आहेत. अशी माणसं आमच्या बाजूनं आहेत, हे लिहून ठेवलं पाहिजे.

आज कळप माझा चुलतभाऊ राखतो. दादाची अडचण मेंढी नाही, जमीन आहे. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आटपाडीत आलं याचा आम्हाला आनंदच आहे. ज्यांनी खडी फोडली त्यांच्या नातवंडांच्या रानात डाळिंब आलं. पण डाळिंबाला तारेचं कुंपण आलं आणि फवाऱ्याची टाकी आली. माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात, म्हणून त्यावर कधी चर खणून झाडं लावली जातात, कधी पवनचक्क्यांचे रस्ते जातात, गायरानावर अतिक्रमण होतं. गवताळ माळ पडीक नसतो. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं ते अशाच माळावर, आणि लांडगाही तिथलाच. लांडगा कोकरू नेतो. तरी आबा त्याला शिवी द्यायचे नाहीत, तो आजाऱ्यालाच आधी उचलतो म्हणायचे.

जमिनीची हीच अडचण सेंद्रियच्या प्रमाणपत्रातही आडवी येते. २००१ पासून देशात सेंद्रिय उत्पादनाचे राष्ट्रीय नियम आहेत. प्रमाणपत्राला गट नंबर लागतो, त्या रानाच्या काही वर्षांच्या नोंदी लागतात. दादाच्या मेंढ्या वर्षभरात कितीतरी जणांच्या रानांतून चरतात. त्यांना गट नंबर कुठला द्यायचा? त्यामुळं ज्यांनी मुद्दाम रसायन पाजलं नाही, पेंड घातली नाही, पिंजऱ्यात कोंडलं नाही, त्यांच्या मेंढ्यांचं मांस शहरात साधं म्हणून विकलं जातं. तीन-चार महिन्यांचा नर व्यापारी कमरेवर हात दाबून नगावर घेतो. वजनकाटासुद्धा नाही. हे बदलायला फार मोठी योजना लागत नाही; बाजारात काटा आणि कळपाच्या वाटेची नोंद एवढ्यानंही सुरुवात होईल.

वाटेची नोंद कायद्यातही बसते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. १८७८ च्या वन कायद्यापासून बंद होत आलेल्या कुरणांच्या गोष्टी आबांना त्यांच्या आजोबांकडून मिळालेल्या. दंड, कोंडवाडा, जप्त झालेल्या कुऱ्हाडी. त्या मानानं हा मोठा बदल. पण हक्क मागायला पुरावा लागतो आणि पुरावा म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. म्हणून मी आणि दादा आता वाड्यातल्या जुन्या माणसांकडून मुक्कामाची गावं, पाणवठे, बिरोबाची ठाणी, कुणाच्या रानात किती पिढ्या मेंढ्या बसतात, हे लिहून घेतो आहोत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. अर्ज करायला निमित्त तरी मिळालं.

वाळव्याकडचा एक हळद करणारा शेतकरी हल्ली दरवर्षी दादाला फोन करतो. रासायनिक खतानं रान कडक झालंय, मेंढ्या बसव म्हणतो. आता पायली नाही, रोख ठरतं. दादा भाव ठरवायच्या आधी एकच विचारतो, शेवटची फवारणी कवा झाली आणि कशाची. पहिल्या वर्षी त्या शेतकऱ्याला याचा राग आला होता. दुसऱ्या वर्षी त्यानं डब्यावरची नावं वाचून दाखवली. गेल्या खेपेला त्यानं स्वतःहून सांगितलं की मेंढ्या यायच्या आधी महिनाभर त्या रानात आणि शेजारच्या बांधावर काहीच मारलेलं नाही, आणि शेजाऱ्यालाही त्यानं तसं पटवलंय. दादानं त्याला रात्रीमागं थोडे कमी पैसे लावले आणि दोन रानांची मिळून पाच रात्रींची बोली झाली.